आज बटण दाबलं नाही

मंगळवार, संध्याकाळ. देवपूर.

अमळनेरजवळचे शेतकरी नाना, त्यांच्या कापसात मी बसवलेल्या यंत्रांच्या बॅटऱ्या हंगामभर टिकायला हव्यात, नाहीतर कॉलेजातला प्रकल्प गुंडाळावा लागेल. बाकी सगळी ठीक. विहिरीजवळचं तेवढं एक सारखं मरायचं. तेच का? प्रोग्राम पुन्हा पुन्हा उसवून बघितला, काही सापडेना.

खरं तर ही यंत्रं बहुतेक वेळ झोपलेलीच असतात. ठरल्या वेळी जागी होतात, मातीची ओल कळवतात, परत झोपतात. बॅटरी वाचते ती झोपेत. तपासणीसाठी एक बटण आहे. ते दाबलं की यंत्र जागं होतं, हिरवा दिवा लागतो, आणि मग बराच वेळ ते जागंच राहतं.

परवा नानांच्या मागे शेतात गेले. विहिरीवर मोटार चालू करायच्या आधी त्यांनी सहज ते बटण दाबलं. मोटार बंद करून येताना परत. रोजच दाबतात म्हणे, ते जिवंत आहे ना बघायला. "जित्तं शे का नही, देखनं पडस ना." गोठ्यातून जाताना म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा, तसं. राग तरी कसा येणार? म्हटलं, नाना, झोपू द्या त्याला, झोपलं तरच जगेल. त्यांना पटलं नसावं.

आज त्यांचा फोन. "ताई, आज मी त्याले उठाडं नही. जित्तं शे ना ते?"

आत्ता बघायचं तर मलाही इथून ते जागं करावं लागणार. लॅपटॉपवर बोट गेलंही होतं.

"शे, नाना," म्हटलं, आणि लॅपटॉप मिटला.