तेवीस नंबरचा खिळा

१ एप्रिल, मंगळवार

पहिला दिवस! एप्रिल फूल नाही, खरंच गेम डिझायनर म्हणून जॉइन झाले. ही डायरी पण आजपासून. आशुतोष सर, म्हणजे आमचे मालक, त्यांना खेळातली प्रत्येक पाटी आणि अनाउन्समेंट मराठीत पाहिजे. माझं मराठी म्हणजे इंग्लिश मीडियमचं, मार्कांपुरतं. म्हणून रोज एक पान मराठीत. प्रॅक्टिस.

जागा बघून मी वेडीच झाले. बोनकोडे गावाच्या मागे, खाडीला लागून, इंग्रजांच्या काळातली मिठाची कोठी. काळा दगड, हातभर जाड भिंती, एकच दरवाजा, खिडकी एक पण नाही. पूर्वी इथे सगळी मिठागरं होती आणि तिथलं मीठ या कोठीत भरून ठेवायचे. आता चारी बाजूंनी खारफुटी आणि तिच्या मागे टॉवर. आत मोबाइलला एक काडी पण रेंज येत नाही. सर म्हणाले बेस्ट, लोक निदान एक तास तरी रील बघणार नाहीत.

फक्त मोठ्यांसाठी जागा आहे. पुढच्या पडवीत बिअर काउंटर, डार्ट्स, बोलिंगच्या दोन लेन. आणि मुख्य कोठीत एस्केप गेम, जो मी बनवणार! लोकांना आत बंद करायचं आणि तासाभरात त्यांनी कोडी सोडवून बाहेर पडायचं. ओपनिंग एक मेला.

सेट निखिल करतोय. कॉलेजपासूनचा मित्र, सव्वासहा फूट, त्यानेच माझं नाव सुचवलं. आईने जुईनगरच्या सोसायटीत सांगून टाकलंय की क्षिप्रा म्युझियममध्ये लागली. मी म्हटलं अगं तिथे बिअर आहे, तर म्हणते हळू बोल, समोरच्या काकू खिडकीतच असतात.

३ एप्रिल

आज खजिना सापडला. दरवाजाच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीवर, पोत्यांच्या मागे एक सागवानी फळा. त्याच्यावर एक्केचाळीस खिळे, प्रत्येकाखाली नंबर कोरलेला आणि प्रत्येक खिळ्यावर तोच नंबर असलेला पितळी बिल्ला. फक्त तेवीस नंबरचा खिळा रिकामा.

बयाबाईला विचारलं. ती बोनकोड्यातून साफसफाईला येते, सत्तरी पार, पण जीभ अशी की निखिलसुद्धा टरकून असतो. त्याला लांब्या म्हणते. लांब्या, दरवाजातून वाकून जा, दगड तुझ्या बापाचा नाय.

ती म्हणाली, ही हजेरी हाय बाय. सकाली आत जाताना आपला बिल्ला काढून कमरंला बांधायचा. सांजचा बाहेर आला का परत टांगायचा. सगले खिले भरले का मगच मुकादम दरवाजा लावनार. खिला रिकामा म्हंजे मानूस आत हाय.

तेवीस नंबर तिच्या चुलत सासऱ्याचा, सितारामचा. एकदा मोठं उधाण येणार होतं आणि मुकादमाला घाई होती. तेविसावा खिळा रिकामा. तो आत बघायला गेलाच नाही. पत्र्याचा एक तुकडा खिळ्यावर अडकवला, फळा भरला, दरवाजा लावला. रात्रभर भरतीचं पाणी आत. सकाळी उघडलं तर माणूस नाही. नुसतं मीठ.

गावाने तो पत्रा खाडीत फेकला आणि दरवाजाची कडी उपटून काढली. तेव्हापासून तो खिळा रिकामा आणि दरवाजा कधीच बंद नाही. बयाबाई म्हणाली, खिला रिकामा हाय तवर त्याची वाट उघडी हाय.

अंगावर काटा आला. हाच माझा गेम!

५ एप्रिल

डिझाइन पास! प्रत्येक गेस्टने फळ्यावरचा खरा बिल्ला घेऊन आत जायचं आणि बाहेर आल्यावर परत टांगायचा. प्रत्येक खिळ्याच्या मागे सेन्सर, कोणता बिल्ला किती वाजता टांगला याची नोंद ठेवणारा. एक जरी खिळा रिकामा असला तर दरवाजाचं मॅग्नेट लॉक उघडं राहणार. (गेममधला बंद दरवाजा आतला आहे, लाकडी, खोटा. ते निखिलचं काम.) सगळे खिळे भरले की हिरवा दिवा, बाहेरचं लॉक बंद, आणि माझ्या आवाजात अनाउन्समेंट: एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. सगळे सुखरूप बाहेर. चौदा टेक घेतले. मनाली, आमची फ्लोअर मॅनेजर, म्हणाली तू बस स्टँडवरची बाई वाटतेस. आत लाल इमर्जन्सी बटण पण आहे, सो नो टेन्शन.

स्टाफसाठी नियमावली पण लिहिली. सरांना नियम सहा सगळ्यात आवडला: गेस्टने बिल्ला हरवला किंवा खिशात घालून घरी नेला तर थांबायचं नाही. त्या नंबरचा डुप्लिकेट टांगायचा आणि पुढची बॅच घ्यायची. निखिल नावड्याच्या वर्कशॉपमधून अख्खा डुप्लिकेट सेट कापून आणतोय.

८ एप्रिल

डुप्लिकेट आले. तेवीस पण आहे. मी सिस्टम टेस्ट करायला तो त्या खिळ्यावर टांगला.

हिरवा दिवा. लॉकचा खट्ट आवाज. माझी अनाउन्समेंट. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बयाबाई झाडत होती. तिच्या हातातून झाडू पडला. तिने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, तू पन त्येच केलास. पदर खोचला आणि चालू लागली. मी मागे पळाले, सॉरी म्हटलं. वळली पण नाही.

निखिल म्हणाला, येईल उद्या. मला दिवसभर कसंतरी वाटत होतं.

१० एप्रिल

बयाबाई आली नाही.

सकाळी साडेअकराला भरतीच्या वेळेला आतून दरवाजा वाजला. जोरात नाही. उघड्या पंजाने मारल्यासारखा, तीनदा. उघडून बघितलं, कोणी नाही. फरशी ओली. निखिल म्हणाला जुनं बांधकाम, पाणी झिरपतं, दगड बोलतो.

पण तेवीसचा डुप्लिकेट दोन दिवसांपूर्वी चकचकीत नवा होता. आज त्याच्यावर मिठाचा थर. बाकीच्या चाळिसांवर काही नाही.

१३ एप्रिल, रविवार

नीट लिहायचं. क्रमाने.

आज ट्रायल. मी, निखिल, सर, मनाली, चौघंच. निखिलने नऊ नंबर घेतला, मी चौदा. चौघं आत गेलो. बाहेर पौर्णिमेचं उधाण, भिंतीच्या खालून पाणी आत यायला लागलं. सर म्हणाले वा, इफेक्ट फ्री मिळाला. निखिल मागच्या कोपऱ्यात प्रॉजेक्टर बघायला गेला. आम्ही तिघं कोडी सोडवून बाहेर आलो, हसत, बिल्ले टांगले. निखिल राहिला म्हणून मी वळले.

आणि हिरवा दिवा लागला. खट्ट. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. सगळे सुखरूप बाहेर.

नऊ नंबरचा बिल्ला खिळ्यावर होता. हलत होता. त्याच्यावरून पाणी गळत होतं.

सरांनी चावीने लॉक तोडलं — उघडलं — आत गेलो. निखिल नव्हता. कोपऱ्यात घोट्यापर्यंत मीठ. सकाळी तिथे मीठ नव्हतं.

फळ्यापासून खाडीपर्यंत ओली पावलं होती. अनवाणी. निखिल बूट घालतो.

१४ एप्रिल

पोलीस स्टेशनला गेलो. बाहेर जयंतीची मिरवणूक, डीजे, काही ऐकू येत नव्हतं. हवालदार शांतपणे म्हणाले, तुमचंच रेकॉर्ड सांगतंय मॅडम. नऊ नंबर बाहेर, बारा वाजून चौदा मिनिटं. मोठा माणूस आहे, रुसला असेल. दोन दिवस बघा.

रेकॉर्ड माझंच. मीच बनवलं.

निखिलच्या आईने फोनवर विचारलं, जेवला होता का तो? मी हो म्हटलं.

१७ एप्रिल

बोनकोड्यात बयाबाईचं घर शोधलं. आत घेतलं तिने. ओरडली नाही, ते जास्त वाईट.

म्हणाली, रविवारी दुपारी दारात कोनीतरी पानी मागितला. बाहेर आले तर मानूस नाय, पन दोन हंडे रिकामे आनि उंबऱ्याव मीठ. माझा सासरा गेला तवा याच सितारामची वाट बघत गेला. आला तो आला, पन वलखला नाय त्याने कोनाला. घर पन नाय वलखला.

मी विचारलं निखिलचं काय. म्हणाली, तुमी सितारामची वाट बंद केलीत. मंग त्याला ज्याचा बिल्ला हाताला लागला तो घेऊन तो गेला. आता लांब्या त्याच्या जागेव.

मग तिने उपाय सांगितला: उधाणाच्या भरतीला आतला माणूस मिठातून वर येतो. त्याच्या हातात बिल्ला दिला तर बाहेर. पण जो आत जाईल त्याचा स्वतःचा बिल्ला वेगळा पाहिजे. दोन माणसं, दोन बिल्ले, दोन खिळे रिकामे.

मग म्हणाली, तू जाऊ नको गो. तुझी आय हाय.

पुढचं उधाण अमावास्येला. सत्तावीस, अठ्ठावीस.

२१ एप्रिल

नऊ नंबर खिळ्यावरून काढून घरी आणला. निदान त्याची वाट उघडी राहील.

सकाळी गेले तर स्टाफमधल्या नव्या मुलाने डुप्लिकेट नऊ टांगला होता. हिरवा दिवा. वर मलाच दाखवतो, मॅडम, नियम सहा.

२४ एप्रिल

सरांना सांगितलं नियम सहा काढा. म्हणाले क्षिप्रा, तू दमलीयस, सुट्टी घे. ओपनिंगनंतर. सगळे स्लॉट बुक आहेत. निखिलच्या जागी दुसरा घेतलाय.

रोज मी डुप्लिकेट काढते. रोज कोणीतरी टांगतं. सगळे इतके नीट काम करतात.

२६ एप्रिल

पाणी पिते, पिते, तोंड कोरडंच. उशीवर मीठ. आई म्हणते घाम आहे.

२७ एप्रिल

भरतीला दरवाजाला कान लावला. आतून निखिल. माझं नाव नाही घेत. पाणी, एवढंच. पाणी पाणी —

उद्या जाणार. मनालीला सगळं सांगितलं. ती रडली, आईची शप्पथ घेतली: फळ्यापाशी उभी राहीन, नऊ आणि चौदाला कोणाला हात लावू देणार नाही.

२८ एप्रिल. बारा वाजून पाच

दोन्ही बिल्ले माझ्याकडे. दोन्ही खिळे रिकामे. दोनदा बघितलं. मनाली फळ्यासमोर खुर्ची टाकून बसलीय. पाण्याच्या दोन बाटल्या. डायरी बॅगेत. आईला मेसेज केला, जेवायला येते.

आत

सापडला. मिठातून हात वर आला, लांब बोटं, निखिलचीच. ओढला. पांढरा. ओठ फाटलेले. निखिल, मी क्षिप्रा म्हटलं. बघितलंच नाही. नऊ नंबर हातात दिला, बाटली ओढून घेतली आणि गेला. चालत. दरवाजातून उजेडात —

गेला तो. बाहेर गेला!!

माझे पाय अडकलेत, गुडघ्यापर्यंत मीठ, निघतील. चौदा नंबर माझ्या मुठीत आहे. खिळा रिकामा आहे. दरवाजा उघडा आहे, इथून दिसतोय. घाई नाही. घाबरायचं नाही म्हणून लिहितेय, एकेक पाय —

बाहेर आरडाओरड. मनालीचा आवाज. निखिल, निखिल ओरडतेय, पळाली त्याच्या मागे. खाडीकडे

मनाली खुर्ची सोडू नको

मनाली

कोणीतरी दुसरं आलंय फळ्यापाशी. हाक मारली, ऐकू जात नाही. तोंडात मीठ, आवाज फुटत नाही. डुप्लिकेटच्या डब्याचा आवाज. ओळखते मी तो आवाज. नऊ टांगलाय, आता चौदा शोधतोय. नको — मी आहे — अरे मी आत —

खट्ट

अंधार. मोबाइलच्या टॉर्चवर. लाल बटण दाबलं, मिठाने धरलंय, आत जात नाही

पाणी येतंय

बाहेर बाई बोलतेय. माझ्याच आवाजात. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. सगळे सुखरूप

मी अजून