दातवाल्याची गाडी खिदळते

३ मार्च, सोमवार
डॉक्टरणीने सांगितलं, राग आला की माणसांवर ओरडू नका, वहीत लिहा, बीपी खाली येईल. म्हणून ही वही. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे राग थोडक्यात.
मुलगी सोळा तारखेला लांबच्या शहरात नोकरीला जाणार म्हणते. मोठ्या गॅरेजात. खोलीसुद्धा बघून ठेवलीय. मला न विचारता. इथे आईचं गॅरेज काय वाईट आहे?
आज दातांच्या डॉक्टरची लाल गाडी आली. टर्बोवाली. जोरात पळवून पाय उचलला की बॉनेटमधून खी-खी-खी. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. पाय उचलला की इंजिनाचं दार बंद, मग कोंबलेली हवा उलटी फिरून टर्बोच्या पंख्यावर आदळते. उपाय ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. दार लागलं की त्याने उघडायचं आणि हवा सोडून द्यायची. अर्ध्या दिवसाचं काम.
ठरवलं, मी एकटी करणार. आवाज गेला की पोरीला कळेल आई काय चीज आहे, मग जाणं रद्द. तसं ती म्हणालेली नाही. पण आईला कळतं.

४ मार्च
व्हॉल्व्ह बसवला. कधी उघडायचं ते त्याला इंजिनाकडून आलेली एक बारीक रबरी नळी सांगते. ती लोंबत होती. मला लोंबतं काही खपत नाही. प्लास्टिकच्या तीन पट्ट्या घालून करकचून बांधली. बघत राहावं असं काम.
चक्कर मारली. खी-खी-खी.
व्हॉल्व्ह डुप्लिकेट असणार.

५ मार्च
मुलगी म्हणाली, आई, व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक आहे, तिचा स्क्रू थोडा ढिला कर. मी म्हटलं, ढिलं सोडून कुणाचं भलं झालंय? उलट दीड आटा आवळला. आवाज वाढला. वाढणारच. औषध लागू पडताना आधी त्रास होतो.
नवरा म्हणाला, गाडीला ठसका लागलाय, पाठीवर थाप मार. आज त्याने स्वतःचा चहा स्वतः केला.

७ मार्च
स्पेअर पार्टवाल्याशी भांडून दुसरा व्हॉल्व्ह आणला. तो म्हणतो, ताई, पहिला पण ओरिजिनल होता, नळी कुठे दबली नाही ना बघा. वीस वर्षं गॅरेज चालवतेय, मला नळी शिकवतो!
खी-खी-खी. दुसरा पण डुप्लिकेट.

९ मार्च, रविवार. सकाळी ८
मुलगी बूट घ्यायला बाजारात. कुणी बघत नाही तोवर स्क्रू पार ढिला केला. आवाज गेला!!! एकदम गप्प. मी जिंकले. तिच्या खोलीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगायला हवं.

सकाळी ११
चढावर गाडीत पिकअपच नाही. सायकलवरच्या एका आजोबांनी मागे टाकलं. वर वळून हातपण केला. मुलगी म्हणाली, टर्बोची सगळी हवा व्हॉल्व्हमधून आधीच निसटतेय, आवाज गेला नाही आई, गाडीचा जीव गेला. नवे बूट दाखवत म्हणाली. परत आवळला.

११ मार्च
व्हॉल्व्हमधून सुटलेली हवा परत इंजिनाकडे जायची, ती बाहेर सोडून बघितली. सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्न. उतरून सगळ्यांना एकेक करून सुनावलं. बीपी १७०. वहीत लिहायचं राहिलं होतं ना.

१३ मार्च
नऊ वेळा खोलून बसवला. बोटं सोलली. गाडीखाली पडल्या पडल्या तिला म्हटलं, बाई गं, चारच दिवस गप्प बस, मग खिदळ आयुष्यभर. डोळ्यांत ऑइल गेलं, म्हणून पाणी.
मुलगी वाकून म्हणाली, मी बघू का? हात लावलास तर याद राख, म्हटलं. तिने केलं तर ती जायला मोकळी.
हे वरचं वाक्य खोडायचं आहे. पेन सापडत नाही.

१५ मार्च, शनिवार
उद्या दहाला दातवाला गाडी न्यायला येणार. त्याला रेडिओ मोठ्याने लावायला सांगावं का? नवरा म्हणाला, दात काढताना तो सांगतो तसं?
पोरीची बॅग भरली. म्हणजे भरू दिली. चेन कमजोर वाटली. उगाच वाटेत उघडायची. तिन्ही बाजूंनी तसल्याच प्लास्टिकच्या तीन पट्ट्या मारल्या.

१६ मार्च, रविवार
सकाळी नऊला मुलगी जायच्या कपड्यांतच गॅरेजात आली. मला न विचारता बॉनेट उघडलं. नळीवरून बोट फिरवत गेली, थांबली, म्हणाली, आई, हे कुणी बांधलं? मी म्हटलं, कंपनीतूनच तसं येतं. तिने पर्समधलं नेलकटर काढून तिन्ही पट्ट्या कापल्या. नळी आत चिकटून गेली होती. व्हॉल्व्हला कुणी काही सांगतच नव्हतं. वीतभर नवी नळी टाकली, स्क्रू अर्धा आटा ढिला केला. पंधरा मिनिटं.
चक्कर. पाय उचलला. एकच फुस्स. बस.
दातवाला खूश. मी म्हटलं, आज मी तेच करणार होते. मुलगी हसली, हात धुतले, माझ्या पदराला पुसले. लहानपणापासून तशीच पुसते.
जाताना येते म्हणाली. सगळेच तसं म्हणतात, नवरा म्हणतो. त्याला काय कळतंय.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ७
फोन. तिचा! मला वाटलं, करमत नसणार, येतेय परत. नवऱ्याला उठवायला निघाले.
म्हणाली, आई, बॅग उघडत नाहीये. टॉवेल आत, ब्रश आत, कपडे आत. नेलकटर गॅरेजात राहिलं. पहिल्या दिवशी अशीच जाऊ का कामावर?
शेजारच्या खोलीतून कात्री माग, म्हटलं. फोन ठेवू नकोस.
कात्री आली. आई, कापू ना? असं विचारलं तिने. या वेळी विचारलं.
म्हटलं, काप.
फोनमधून तिन्ही पट्ट्या तुटताना ऐकल्या.