उतरल्याशिवाय केर नाही

अहो आई,

काल मी पुन्हा विमान उडवलं. तब्बल नऊ वर्षांनी. मुंबई ते नागपूर आणि परत. माझ्या आईला सांगून झालं, बिल्डिंगच्या ग्रुपवर तुमच्या लेकाने, संदीपने, फोटोही टाकला, इस्त्रीवाल्यालाही कळलं. ज्यांना सांगायचं होतं त्यांनाच सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र. लांबण तुम्हाला आवडत नाही, माहीत आहे मला. पण आज जरा ऐकून घ्या.

आपलं फोनवरचं बोलणं दोन शब्दांचं असायचं. विमान टेकलं, प्रवासी उतरले की मी फोन करायचे आणि म्हणायचे, "उतरले." तुम्ही म्हणायचात, "बरं." की ठेवला फोन. जेवलीस का नाही, दमलीस का नाही. लग्नानंतर सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं. सासूबाई तुटक आहेत, असं मी माहेरी बोललेसुद्धा.

मग एकदा संदीपने हसत हसत सांगितलं की फोन ठेवून तुम्ही धावता ते थेट केरसुणीकडे! घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही तुमची राजापूरकडची रीत. इतरांच्या घरातली माणसं वर्षातून एकदोनदा गावी जातात, त्यांचं ठीक आहे. तुमची सून रोजच प्रवासाला. मी पहाटे शिळफाट्यावरून विमानतळाच्या वाटेला लागायचे आणि डोंबिवलीतलं आपलं घर पारोसं पडून राहायचं. दिल्लीत धुकं पडलं की इकडे हॉलमध्ये शेंगांची टरफलं दुपारपर्यंत तशीच. हळदीकुंकवाच्या दिवशी माझं विमान रखडलं, तेव्हा आलेल्या बायकांना तुम्ही दारातच सांगितलंत, "पाय जपून टाका गं, सून अजून हवेत आहे." सगळ्या हसल्या. तुम्ही नाही हसलात.

आणि बाबा! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. पेपर खाली न करता म्हणायचे, "विमान हवेच्या दाबावर उडतं, तुझ्या केरसुणीवर नाही." त्यावर तुम्ही केरसुणी त्यांच्यासमोर धरायचात. "मग घ्या, काढा तुम्ही." की बाबा पुन्हा पेपरात.

मग इरा झाली. ती जरा मोठी होते तोवर माझी विमान कंपनीच बंद पडली, पुढे करोना आला, कुणी नव्याने माणसं घेईना. हे सगळं खरंच होतं. पण नंतर नंतर मलाच भीती वाटू लागली होती, आणि ती फक्त तुम्हाला कळली होती. मी घरी असले की तुम्ही सकाळी सातलाच केर काढून मोकळ्या व्हायचात. मला वाटायचं, सुटल्या बिचाऱ्या. एकदा केर भरता भरता तुम्ही म्हणालात, "तू घरी असलीस ना, की घर फार लवकर स्वच्छ होतं गं. मला नाही आवडत."

त्या वाक्यावर मी पुन्हा परवान्याच्या अभ्यासाला बसले, आई. त्या वाक्यामुळे बसले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

मेडिकल झालं, परीक्षा झाल्या, सिम्युलेटरवरच्या सरावाचं बोलावणं आलं. आणि तुम्ही गेलात. दुपारी चहा मागितलात आणि तो यायच्या आत गेलात. माझ्यासाठी अख्ख्या घराचा केर थांबवून धरणारी बाई, तुम्हाला स्वतःला थोडं थांबता आलं नाही? मी अजूनही तुमच्यावर रागावलेली आहे.

तुम्हाला नेलं आणि शेजारच्या बायकांनी लगेच घर झाडायला घेतलं. तीही रीतच. पण मी प्रधान काकूंच्या हातातली केरसुणी धरून ठेवली. "थांबा हो, त्या पोचल्याचं कळलं नाही अजून." काकूंनी मला जवळ घेतलं. मग दुसऱ्या कुणीतरी घर झाडलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

तेराव्यानंतर मी पुस्तकं माळ्यावर टाकली. उतरल्यावर फोन कुणाला करायचा, हेच कळेना. दुसऱ्या दिवशी बघते तर पुस्तकं पुन्हा टेबलावर. बाबांनी खुर्चीवर चढून ती खाली काढली होती, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तिने सांगितलेलं का तुला सोडायला?"

नाहीच सांगितलेलं तुम्ही.

सिम्युलेटरमध्ये पहिल्या दिवशी माझं लँडिंग म्हणजे नुसती आदळआपट. डोक्याला सगळं आठवत होतं, हात मात्र परक्याचे. ट्रेनिंगच्या हॉस्टेलच्या खोलीत येऊन खूप रडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रडून झालं? आता जेव." तेवढंच हवं होतं हो. तिसऱ्या दिवसापासून हात ओळखीचे वाटायला लागले.

काल माझ्या शेजारी कॅप्टन होता तो माझ्याहून लहान. चांगला पोरगा आहे. नागपूरचं लँडिंग त्याने माझ्याकडे दिलं. टेकवलं मी, आई. अगदी हलकं नाही, पण नीट. प्रवासी उतरले, फोन चालू केला आणि संदीपला लावायचा म्हणून अंगठा फिरवला, तर तो गेला तुमच्याच नंबरवर. बंद असेल म्हणून कापणार, तोवर रिंग वाजली. फोन उचलला गेला.

बाबा होते. तेच म्हणाले, "उतरलीस?"

"उतरले."

"बरं." आणि ठेवला फोन.

अगदी तुमच्यासारखाच! मी तशीच फोन कानाला लावून बसून राहिले. परतीच्या वाटेवर उतरायच्या बेतात असताना खाली खाडीचं पाणी चमकलं. आपली बिल्डिंग वरून दिसत नाही, मला काय माहीत नाही? तरी बघितलं.

संध्याकाळी भांड्यांना सुनंदा आली ती तावातावानेच. "वहिनी, बाबांना सांगा जरा. सकाळी झाडू हातात घेतला तर बोलतात, ठेव तो, अजून उतरली नाय. मी परत आली तर दारातच उभे, फोन हातात घेऊन. कोण उतरली नाय, ते पण सांगत नाहीत! मग फोन वाजला, तसा माझ्या हातातला झाडू घेतला नि स्वतःच लागले काढायला. अर्धा केर कपाटाखाली सारलाय, बघा."

मी वाकून बघितलं. होता कपाटाखाली.

बाबा पेपर वाचत होते. मी विचारलं, "बाबा, विमान हवेच्या दाबावर उडतं ना?"

"दाबावरच उडतं," ते म्हणाले. पेपर खाली केला नाही. "पण घर तिचं आहे."

तुमचा फोन ते रोज चार्ज करतात, हे मला काल कळलं. आम्ही दोघं एका घरात राहून तुमची वाट बघतोय आणि एकमेकांना सांगत नाही.

आई, तुम्ही पोचलात का हो? तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

माझं म्हणाल तर आता थांबायची नाही. उद्या पहाटे पुन्हा निघायचंय. जिथे कुठे उतरेन तिथून पहिला फोन तुमच्याच नंबरवर करीन, दर वेळी. बाबांना कपाटाखालून केर काढायलाही शिकवीन. तोवर घर पारोसं राहिलं तर राहू दे.

उतरले, आई.

तुमची,
मेघना