पाण्याची पाळी

कळस, ता. इंदापूर

प्रिय शाहिदभाई,

शुक्रवारी इंदापूरला सहीला येतेस ना, असं तू फोनवर विचारलंस आणि मी नुसतं हूं केलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. भाकरी तव्यावर करपते, दूध उतू जातं, अम्मी म्हणते लक्ष कुठं हाय तुजं. एवढी साधी हक्कसोडाची सही. बाप गेला की गावातल्या सगळ्या बहिणी करतात, जमीन भावाच्या नावावर आणि माहेर शाबूत. मग माझाच हात का जड झालाय, ते सांगते. पण आधी पाइपलाइनचं ऐक, गावात तुझंच नाव गाजतंय.

उजनीच्या पाण्यापासून आपल्या शेतापर्यंतची लाइन अब्बांनी आणि भीमातात्यांनी मिळून टाकली. ती शेजारच्या कुशामावशीच्या बांधावरून येते, पण तिला त्यातला थेंब नाही. यंदा तिची विहीर लवकरच तळाला गेली आणि पेरू डोळ्यांदेखत वाळायला लागले. तात्या तसे दिलदार. म्हणाले, "आमचं भिजलं की उरंल त्ये घिऊन जा. पैका न्हाय, काय न्हाय." कुणीही हात जोडले असते. ही बाई उलट उसळली! "फुकाट नगं. माजी पाळी ठरवून द्या. बिल, दुरुस्ती, माजा वाटा मी भरते." तात्यांचं तोंड बघायला हवं होतंस. म्हणाले, चर आम्ही खणले, पाइप फुटले तेव्हा चिखलात आम्ही उतरलो, आणि आता ही हक्क सांगतीया! झालं, बोलणं बंद. मावशी म्हणाली, बांधावरचा पाइप उकरून काढते. तात्यांनी व्हॉल्व्हच्या चेंबरला कुलूप ठोकलं. त्यात माझंही पाणी अडकलं. डाळिंब ऐन फुलात, आणि मी किल्लीसाठी तात्यांच्या दारात. खरं सांगते, मला मावशीचाच राग आला होता. मिळतंय ते घ्यावं की गुमान!

शेवटी तात्याच म्हणाले, तुजा भाऊ समुद्रातल्या ग्यासच्या लायनींचे तंटे मिटवतो म्हणं, लाव त्याला फोन. स्पीकरवर तू इतकं नीट समजावलंस की सगळ्यांचा चहा गार झाला. समुद्राखालची लाइन एका कंपनीची असते, आणि जवळपास गॅस काढणाऱ्या दुसरीला वेगळी लाइन टाकणं परवडत नाही. मालकाची गरज आधी, पण जागा उरत असेल तर दुसऱ्याला अडवायचं नाही. वाजवी भाडं, ठरलेली वेळ, सगळ्यांना एकच नियम. आणि वर म्हणालास, "तात्या, मर्जीवर ठेवू नका. मर्जी फिरली की पुन्हा भांडण." तात्या टोपी काढून बराच वेळ डोकं खाजवत बसले. मग उठले आणि कुलूप काढलं. मंगळवार आणि शनिवार मावशीचे ठरले. पहिल्या पाळीला नवं लुगडं नेसून आली, वेडी! व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं फिरवला. मला एकदम रडू फुटलं, का ते तेव्हा कळेना.

आता कळतंय. बारामतीचं सासर सोडून आले तेव्हा तू म्हणालास, शेत तुझंच समज, हवं तेवढं पाणी घे. भाई, तू कधी अडवलं नाहीस, अल्लाकसम. तुझ्या मनात खोट नाही. पण दर बहराला मी तुला फोन करून विचारते, बाग धरू का. भाभीचा आवाज जरा तुटक आला तरी बागेचं न विचारताच फोन ठेवते. उद्या मुलांच्या शिक्षणासाठी जमीन विकायची म्हणालास, तर कुठल्या तोंडानं नाही म्हणू? तुझ्या मायेबद्दल शंका नाही रे. तिच्या भरवशावर शेती करायची भीती वाटते.

शरीयतनं माझा वाटा तुझ्या वाट्याच्या निम्मा होतो. तेवढाच हवा, काडीभर जास्त नको. शुक्रवारी मी येणार, पण हक्कसोडावर सही करणार नाही. माझं नाव लावून घ्यायला येणार. गाव म्हणेल, भावावर उलटली. म्हणू दे. पण तूच रागावलास तर मी कुणाकडं जाऊ? तंटे मिटवणारा माझ्या ओळखीचा तू एकटाच आहेस.

तुझीच,
शगुफ्ता