काउंटरवर बस जा

प्रिय अनुजा,

एकाच घरात राहून बाप पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस की. तोंडानं बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, आणि आज तो चढून चालायचा नाही. म्हणून हे तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतोय.

वर्कशॉपमध्ये सगळं बरं हाय. केरबा अजून लेथपाशी तंबाखू मळत उभा असतो आणि तुझी चौकशी करतो. काल पंपाच्या प्लेटांना काउंटर मारले, स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून भोकाच्या तोंडाला उतार देतो ते. प्लेट गच्च आवळली, मशीन हळू ठेवली, एका दाबात हात खाली आणला. एकाही भोकाला चरा नाही. बघून आनंद व्हायला हवा होता, पण जीव कसनुसा झाला.

दोन वर्षांपूर्वी अशाच चाळीस प्लेटा तू करायला घेतल्या होत्यास. डिप्लोमा झालेली लेक पहिलं काम करणार म्हणून मीच सगळ्यांना चहा पाजला होता. मशीन किंचाळायला लागली, कडांना लाटा उठल्या. तू म्हणालीस, आण्णा, स्पीड जास्त वाटतोय. मी म्हटलं, गप कर. संध्याकाळी चाळीसच्या चाळीस भंगारात. गिऱ्हाईक समोर उभं, माझी लाज गेली असं वाटलं, आणि चारचौघांत ओरडलो, तुझा हात जड हाय, तुला काउंटर मारायला जमायचं न्हाय, दुकानाच्या काउंटरवर बस जा. लोक हसले. तू मशीन पुसलीस, हात धुतलेस. आणि महिन्याभरात राजारामपुरीत मोबाइलच्या दुकानात खरंच काउंटरवर जाऊन बसलीस. माझी जीभ झडायला हवी होती.

काल रात्री आई म्हणाली, शिरोलीच्या कारखान्यातून टूलरूममधल्या नोकरीसाठी तुला सोमवारचं बोलावणं आलंय आणि तू नाही म्हणणार आहेस, हात जड आहे म्हणून. ऐक पोरी. त्या दिवशी सकाळी बारीक भोकं पाडायला मी ड्रिल मशीनचा बेल्ट जास्त वेगावर चढवला होता आणि परत उतरवायला विसरलो. तू घरी गेल्यावर तासाभरात मला ते दिसलं. झाकण उघडून बेल्ट गुपचूप खाली घेतला आणि दोन वर्षं कुणाला बोललो नाही. तुलासुद्धा नाही. आज शॉपमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. मला माफ कर, नाहीतर करू नको. पण सोमवारी शिरोलीला जा. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता.

तुझाच,
आण्णा