मामाशिवाय नवरी बोहल्यावर पोचत नाही

अहो,

मी लग्नाची डिस्क घेऊन सौंसरच्या गाडीनं बाबांकडे चालली. वरण झाकून ठेवलं आहे. कॉम्प्युटरचा दिवा लुकलुकून राहिला, तिथं आपल्या घरची डिस्क भरून राहिली आहे. ती आपोआप बाहेर येईल, ओढू नका. काल तुम्ही अशीच एक खराब केली.

आपल्या पूनमच्या लग्नाचं पूर्ण शूटिंग एका डिस्कमध्ये मावत नाही. दाबून बसवलं तर तोंडं ओळखू येत नाहीत, अन् बाबांना आधीच कमी दिसते. लग्नाला येणं झालं नाही म्हणून रोज फोनवर विचारून राहिले. डिस्क बदलणं त्यांना जमत नाही, अन् ते कोणाला म्हणणारही नाहीत. म्हणून कापलं. हळद अर्धी केली, तुमच्या दोस्तांचा नाच पूर्णच काढला.

तुम्ही म्हणाले होते, "तुझ्या भावाला काढ, जागाच जागा होते." विनोदला काढून पाहिलं. पण नवरीला बोहल्यावर मामाच आणते ना? पूनम खोलीत दिसते अन् एकदम हार घालते, मधात तिला कोणी आणलंच नाही. पंगतीत तुमचं दोघांचं वाजलं, बोलणं बंद झालं, ते कॅमेऱ्यात कुठंच नाही. तिला आणताना त्याचे भरलेले डोळे आहेत. ते ठेवले.

परतीची गाडी मला भेटणार नाही. संध्याकाळी घ्यायला या. बाबांकडे दार विनोदच उघडते, हे आधीच सांगून ठेवते.

सरला