साहेबांना द्यायच्या मोटरसायकलीबद्दल

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर पाठ सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, कारण पुढे येईलच.) वहिनीची कंबर कशी आहे? तुझा खोकला हवा बदलली की जाईल असं तू म्हणाला होतास, त्यानंतर हवा तीनदा बदलली, तो गेला का? इकडे आम्ही दोघं बरे. बाबांच्या डोळ्यांत फरक नाही. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी खूप. पेपरचे मथळे त्यांना वाचता येतात, खालच्या बातम्या ते स्वतःच्या मनाने रचून मला ऐकवतात. त्या जास्त बऱ्या असतात.

आता गाडीचं. बाबांची मोटरसायकल चालू झाली की तुझ्या साहेबांच्या जुन्या गाड्यांच्या संग्रहात जाणार, हे तू मागच्या वेळी आलास तेव्हाच ठरलं. (बाबा उठून आत गेले, त्याला तू होकार समजलास.) साहेब दर सोमवारी ‘झाली का चालू?’ असं विचारतात आणि तुझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून आहे, हेही तुझ्या पत्रावरून कळलं. तेव्हा काय काय झालं ते सविस्तर लिहिते.

दुरुस्ती मीच करणार म्हटल्यावर तू फोनवर हसलास. पण बावीस वर्षं शिवणाचं दुकान चालवणाऱ्या बाईला यंत्राची भीती वाटत नाही. तेल, पट्टा, ताण आणि संयम, एवढ्यावर सगळी यंत्रं चालतात असं माझं मत होतं. (होतं.) गाडी शेडमध्ये स्टँडवर सुरेख चालायची. मी कानाने तपासायचे, बाबाही मान डोलवायचे. सकाळी रस्त्यावर काढली की मात्र कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जायची आणि दोन आचके देऊन बंद. रोज तिथेच. औषधवाला सुरुवातीला हळहळायचा, नंतर नंतर मी दिसले की शटर वर करायला लागला, म्हणजे त्याला घड्याळ बघावं लागत नसे. तिथून घरापर्यंत चढ आहे हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पाठीचं कारण ते.

मी आधी प्लग बदलला. मग वायरी बदलल्या. मग कार्बोरेटर उघडला, एकदा नव्हे, चारदा, आणि टूथब्रशने घासून काढला. (ब्रश बाबांचा होता हे मला उशिरा कळलं. त्यांना दोन दिवस आधी कळलं होतं, चवीवरून.) चौथ्या जोडणीनंतर एक स्प्रिंग उरली. ती कुठली ते कोणालाच सांगता आलं नाही आणि तिच्यावाचून गाडीचं काही अडलंही नाही. दरम्यान दुकानात एका वकीलबाईंच्या काळ्या कोटाला पेट्रोलचा वास लागला. कोर्टात सगळे त्यांच्यापासून लांब उभे राहिले, असं त्या म्हणाल्या. आता त्या दुसरीकडे शिवतात.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तो खिशात हात घालून दहा मिनिटं इंजिन ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, “गाडी ठणठणीत आहे. तुम्हाला चालवता येत नाही.” बाबांनी त्याला चहा दिला, वर बिस्किटंही दिली.

बाबांची मदत मात्र मोलाची. स्टुलावर बसून ते रोज नवं निदान करायचे आणि प्रत्येक निदान ठाम. सोमवारी कॉइल, मंगळवारी पेट्रोलमध्ये पाणी, बुधवारी माझं वजन. गाडी शेडमधून काढून फाटकाशी आणून देणं आणि मी ढकलत आले की माझ्या हातून घेऊन आत लावणं, ही दोन कामं त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. मी दमते म्हणून.

इंजिनाचं बाजूला ठेवून मी बाकीची सजावट उरकून घेतली. टाकीला फाटकाचा उरलेला हिरवा रंग दिला, ओघळ थोडे आलेत. मूळची सीट काढून लांब, जाड सीट स्वतः शिवली, मागे टेकायला पाठ केली आणि कडेने पिवळी पायपिंग घातली. (रेक्झिनने माझ्या अकरा सुया खाल्ल्या.) जुन्या पायमशीनचा पायटा वेल्डिंगवाल्याकडून कापून मागच्या माणसाला ऐसपैस पाय ठेवायला जागा केली. साहेबांना प्रत्येक भाग मूळचाच लागतो असं तू कळवलंस, पण तोवर मूळचे भाग भंगारवाला घेऊन गेला होता. चुकलंच माझं. मी गरीब बाई, मला संग्रहातलं काय कळणार?

तर असं सगळं आहे. साहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. वहिनीला सांग, कंबर शेकायची, चोळायची नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. : वरचं पत्र साहेबांना जसंच्या तसं वाचून दाखव. त्यासाठीच चांगल्या अक्षरात लिहिलंय. एकही वाक्य खोटं नाही, फक्त ते सगळं घडून पंधरा दिवस झाले. या ता. क.पासून खालचा कागद फाडून खिशात ठेव.

ता. क. २ : एका सकाळी बाबा न्हाव्याकडे गेले होते, म्हणून गाडी मीच बाहेर काढली. औषधांचं दुकान आलं, गेलं, आणि मी थेट पुलापर्यंत जाऊन परत आले. घरी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाबा गाडी आणून देताना मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. पेट्रोलचा कॉक, दादा. टाकीखालची ती एवढीशी चावी. फाटकाशी येता येता बाबा ती बंद करायचे आणि परत आत लावताना उघडायचे. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी दुकानापर्यंत जायची. दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही त्यांना, पण ती चावी बोटांना न चुकता सापडते. गाडी चालू झाली तर जाईल, म्हणून चालू होऊ देत नव्हते. मला चार वेळा कार्बोरेटर उघडायला लावणाऱ्या माणसाचा राग यायला हवा होता. मला रडूच आलं. सीट आणि पायटा मी त्यानंतर केला, चार दिवसांत. रंगही. हे साहेबांना सांगायचं नाही. बढतीचं मला कळतं रे, आणि वाईटही वाटतं. पण बढती तुला पुढच्या वर्षीही मागता येईल.

ता. क. ३ : रोज सकाळी आम्ही पुलापर्यंत जाऊन येतो. बाबा जन्मात कधी मागे बसले नव्हते, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नाही, माझे खांदे धरतात. गिअर बदलायची वेळ आली की माझ्या आधी त्यांना कळते आणि ते क्लच दाबतात. माझा डावा खांदा काळानिळा झालाय.